उघडी पाठ

पन्नाशी उलटली आणि माझी पाळी थांबली. आमच्याकडे बायका याबद्दल बोलत नाहीत. बोलल्याच तर "सुटलीस बाई आता" एवढं म्हणतात. जावेनं मला तेच म्हटलं. मला मात्र सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं. जुनी माणसं पाळीला ऋतू म्हणायची. माझा ऋतू बदलला होता, आणि बदललेल्या ऋतूत जे उगवून आलं ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मला चित्र काढायचं होतं. शाळेतलं नव्हे, माझं.

मी भोकरदनच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. इतकी वर्षं पोरांकडून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि दुथडी भरलेली नदी काढून घेतली. अशी नदी आमच्या पोरांनी पाहिलेली नसते, पण परीक्षेत तिला मार्क पडतात. बाकी पंधरा ऑगस्टला फळ्यावर तिरंगा आणि निरोपसमारंभाला गुलाब. हात चांगला होता, पण तो नोकरीला लागून बसला होता.

घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. नवऱ्याचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी वरची पत्र्याची खोली झाडून घेतली, कॅनव्हास ताणला आणि समोर बसले. काय काढायचं ते ठरेना. मग एका दुपारी न्हाऊन ब्लाऊज घालताना वाटलं, मी माझी पाठ कधी पाहिलीच नाही. आईनं पाहिली, नवऱ्यानं पाहिली, डॉक्टरनं पाहिली. मी नाही.

कपाटाच्या आरशाकडे पाठ करून मी हातात दुसरा आरसा धरला. ब्लाऊजच्या गळ्याच्या वर उन्हानं रापलेली मान, खाली झाकलेली कातडी फिकट, आणि मधे पट्टीनं आखावी तशी रेघ. खांद्यांवर घामोळं. कमरेवर वळ्या. डाव्या बाजूला लहानपणी उकळतं पाणी सांडून भाजल्याचा डाग, पसरलेला, चकचकीत. सुंदर म्हणावं असं काही नव्हतं. तरी मला आरसा खाली ठेववेना.

वासना हा शब्द आपण एकाच गोष्टीसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवसांत माझ्या अंगात जे होतं ते वासनाच होती. भाकरी थापता थापता मी त्या डागाचा रंग शोधायची. वरच्या खोलीत दोन आरसे समोरासमोर लावले होते; पत्रा तापून भट्टी व्हायची, घाम डोळ्यांत उतरायचा आणि मी उघडीच उभी राहून रंगवायची. लाज वाटायची? पहिल्यांदा वाटली. मग रंग नीट लागेना, त्या रागापुढं लाज मागं पडली.

पावसाळ्यात शाळा सुरू झाली, नुसते रविवार उरले. ओलीनं तैलरंग वाळेना, कॅनव्हासच्या मागून बुरशी धरली. दिवाळी सरली आणि उजेड तिरपा झाला. त्या उजेडात माझा कणा मला पहिल्यांदा नीट दिसला, आणि कळलं की खालचं अर्धं चित्र चुकलं आहे. ते खरवडून काढलं आणि थंडीत शिंका देत पुन्हा रंगवलं.

नवऱ्याला वाटत होतं, वर डोंगर-नदी चालू आहे. चित्र झाल्यावर मीच त्याला बोलावलं. तो दारात थांबला, मग आत आला. चित्राजवळ गेला.

"ही तूच का?"

"मीच."

"मंग ठेव घरात. लोकायला कशाला दाखवायची?"

मी म्हणाले, "दरसाली तुम्ही आभाळाकडं बघून दुकान भरता. पानी न्हाई आलं तर माल तसाच पडून राह्यतो. तरी भरता न? तुम्हाला कोणी इचारतं का, कशाला म्हणून?"

"तो धंदा हाये."

"अन् हे माझं हाये."

तो खाली गेला. मी खोटं बोलले नव्हते. आमचा सारा जिल्हा दरवर्षी बी मातीत टाकतो आणि वर बघत बसतो. त्याला सगळे हिंमत म्हणतात. बाईनं एकदा आपली पाठ भिंतीवर लावायची म्हटली की तिचं डोकं फिरलेलं असतं.

त्या हिवाळ्यात जालन्याला कलाशिक्षकांचं पंधरा दिवसांचं प्रदर्शन होतं. जुन्या सतरंजीत गुंडाळून मी चित्र एसटीनं नेलं. मांडणी बघणारे एक वयस्कर चित्रकार होते. त्यांनी चांगल्या मनानं सुचवलं की खाली नुसतं 'अभ्यासचित्र' लिहा, कोणाचं आहे ते कळायची गरज नाही. मी चिठ्ठीवर 'स्वतःची पाठ' लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं.

पहिल्या दिवशी मी तिथंच खुर्ची टाकून बसले. पुरुष झटकन पुढं सरकायचे आणि दुसऱ्या टोकाकडून परत यायचे. कॉलेजच्या मुली थांबायच्या, आपसात कुजबुजायच्या. एक बाई भाजीची पिशवी हातात घेऊन आली. चित्राकडे पाहून झाल्यावर माझ्याकडे वळली आणि डागावर बोट दाखवून तिनं विचारलं, "दुखतं का हो आजून?" मी म्हटलं, नाही, आता कळतही नाही. तिनं मान हलवली आणि गेली. उघडं-झाकलं याबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही.

कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो माझ्या आधी गावात पोचला. मंठ्याहून दीर आले. ते वाईट नाहीत, पण त्यांनी दिवाणखान्यात बसून भावाच्या इज्जतीचं, मुलीच्या सासरचं, शाळेचं सगळं एकेक करून काढलं. चित्र उतरवून आणा, हे त्यांनी मला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं. नवरा ऐकत बसला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती रडत होती. तिला सासरी कोणीतरी फोटो दाखवला होता. "आई, एवढं एक काढून टाक न," म्हणाली. तेवढंच मला लागलं. पण तिच्यासाठीही मी ते उतरवलं नाही. उतरवलं असतं तर तिलाही जन्मभर उतरवतच राहावं लागलं असतं, हे तिला फोनवर समजावता आलं नाही.

मग शाळेच्या संस्थेनं बोलावलं. टेबलापलीकडे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि दोन-तीन सभासद. अध्यक्षांच्या मोसंबीच्या बागा आहेत, माणूस बोलायला मऊ. ते म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आमची तक्रार न्हाई. चूक झाली, एवढं म्हना. विषय इथंच खतम."

मी म्हणाले, "चित्रात चूक हाये, सर. डावा खांदा जरा वर गेला. त्याची माफी मागते. पाठीची न्हाई मागणार."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. माझे चित्रकलेचे तास काढून घेतले आणि मला वाचनालयात बसवलं. वर्षभर मी धूळ खाल्लेल्या पुस्तकांना कव्हरं घातली. माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षकानं पोरांकडून डोंगर-नदी काढून घेतली. आत जळत होतं, पण सकाळी साडी नेसताना मी मान ताठ ठेवायची. वाचनालयात जाणाऱ्या बाईला खालमानेनं जायचं कारण नव्हतं.

बैठकीनंतर दोन दिवसांनी नवरा माल आणायला जालन्याला गेला होता. दिरानं सांगितल्याप्रमाणे तो चित्र घेऊन येईल असं मी धरून चालले होते. तो रिकाम्या हातांनी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाला, "उजेड बराबर न्हाई तिथं. कोपऱ्यात लावलं त्यायनं." एवढंच. मी त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आलं. मी ते दिवाणखान्यात लावलं. खिळा मीच ठोकला. नवऱ्यानं हात लावला नाही आणि अडवलंही नाही. दुकानाची माणसं घरी आली तर तो त्यांना ओट्यावरच बसवतो, चहा तिथंच मागवतो. दीर आता येत नाहीत, जाऊ येते. मुलगी सहा-सात महिने नीट बोलली नाही. आता बोलते, पण त्या भिंतीकडे पाहायचं टाळते. मी कोणालाच ओढून दाखवत नाही, आणि झाकतही नाही.

वर्ष उलटून गेल्यावर जूनमध्ये तो तरुण शिक्षक दुसरीकडे गेला आणि माझे तास मला परत मिळाले. संस्थेनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिल्या तासाला पोरांना म्हटलं, डोंगर नको, नदी नको, शेजारी बसलेल्याचा कान काढा. वर्गभर हसाहसी झाली, पण कान निघाले, वाकडे आणि जिवंत.

पाठ काढताना माझी एक सोय होती, कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही. ती सोय आता मला नको आहे. या थंडीत वरच्या खोलीत नवा कॅनव्हास ताणला आहे, आधीच्यापेक्षा मोठा. समोरून काढते आहे, चेहऱ्यासकट. परवा नवरा जिन्यात उभा राहून म्हणाला, हेबी जालन्याला जाणार का?

मी म्हटलं, जाणार.