पोह्यांआधीची गोष्ट

"बॉडी मस्त आहे, पण इंजिनच नाही!"

यवतमाळच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं हे मला नाही, माझ्या मामाला सांगितलं. मी तिथंच होते. टेबलावर आडवी, पोटावर थंडगार जेली, आणि पोटात अख्खं बेंबळा धरण. भरपूर पाणी पिऊन या म्हणाले होते. मी इतकं प्याले, की आमच्या आर्णीचे नळ दोन दिवस कोरडे गेले असतील.

"या रे, अशी केस रोज दिसत नाही."

शिकाऊ पोरं आत आली. चार असतील. मला चाळीस दिसली. स्क्रीन त्यांच्याकडे वळली. एक जण फिसकन हसला. डॉक्टर हसला. डॉक्टर हसला म्हणून मामाही हसला.

मी एकोणीस वर्षांची. पाळी कधी आलीच नव्हती. बाप गेल्यापासून मी आणि माय मामाच्या घरी. गल्लीला संशय येऊ नये म्हणून मामी मला दर महिन्याला चार दिवस बाहेरच्या खोलीत बसवायची. पाळी नाही, पण विटाळ पाळायचा! मीही लबाड. भांडी चुकतात म्हणून गुमान बसायचे.

मग नागपूरला एमआरआय. त्या नळकांड्यात घातलं आणि कानाशी साऱ्या जिल्ह्याच्या कापसाच्या जिनिंग मशिनी सुरू. तिथल्या मॅडमनं मात्र मलाच जवळ बोलावलं, फिल्म उजेडात धरली.

"दोन्ही अंडाशय आहेत. गर्भाशय जन्मापासूनच तयार झालेलं नाही. तुझ्या हातून काही बिघडलं नाही, बेटा."

इतकं सरळ मला कोणी कधी बोललं नव्हतं. बाहेर येताच फिल्मचं पाकीट मामानं काखेत मारलं. घरी मामीच्या लुगड्यांखाली गेलं.

पंधरा दिवसांत मला पाहायला पाहुणे.

"तोंड उघडू नको," मामा म्हणाला. "लगन झाल्यावर त्यायचं ते पाहून घेतीन."

पाहून घेतीन म्हणजे काय, मला कळत होतं. वर्षभरात मला हाकलतील. आणि फसवणारी कोण? मामा नाही. मी.

पोराच्या आत्यानं पोहे खाता खाता मामीला विचारलं, "पोरीचं महिन्याचं बरोबर हाय न, बाई?"

"घड्याळ लावून घ्या! कालच न्हाली."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो ठेवला. आत गेले, लुगडी उपसली, फिल्म आणली, खिडकीत धरली.

"आत्याबाई, हे पाहा. मले गर्भपिशवी नाही. पाळी येत नाही, येनारबी नाही. मामी खोटं बोलून राह्यली."

आत्याचा घास तोंडातच राहिला. पोरगा बुटाकडे पाहत बसला. पाच मिनिटांत अंगण मोकळं.

मामानं हात उगारला.

"हात खाली घे, मामा. साऱ्यायनं पाह्यलं माह्या पोटात. आता मी बोलीन."

हात खाली आला. माय रडत म्हणाली, "काहून बोलली वं? आता तुले बायको कोन करन?"

मी फिल्म पाकिटात घातली, पाकीट माझ्या उशीखाली.

माय अजून माझ्याशी बोलत नाही. गल्ली तिच्या वाटचंही बोलते. मामा म्हणतो, पुढच्या सोमवारी ढाणकीचे पाहुणे आहेत, आणि या वेळी तुझी जीभच कापून ठेवतो.

येऊ द्या ढाणकीचे. पोहे मीच करीन. आणि त्यांनी पहिला घास उचलायच्या आधी मीच सांगीन.