कान गेले, खुर्ची आली

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. मुलगा बंगळूरला, तिथे नातीचं बारसं होतं आणि मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होतो. लेक आत्या म्हणून दोन दिवस आधी निघाली. "बाबा, चला माझ्यासोबत," म्हणाली. मी म्हटलं, "मी काय कुकुलं बाळ आहे? एकटा येईन." मग तिने मोबाईलवर माझ्या तिकिटात भरून टाकलं: प्रवासी बहिरा आहे, मदत हवी.

मदत आली. चाकाची खुर्ची! लालबागच्या चाळीचे तीन मजले रोज दोनदा चढतो मी. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "कान गेलेत बाई, पाय शाबूत आहेत." ती काहीतरी बोलली, पण मान कॉम्प्युटरात. तिच्या भांगातून मी काय वाचणार? लिहून दे म्हटलं, तर छापील इंग्रजी कागद दिला. माझी चौथी, तीही मराठी शाळेतली. शेवटी तिने तोंड वर केलं. "अंकल, गेटपे बैठो. अनाउन्समेंट होगा."

वा! बहिऱ्यासाठी खास सोय.

खुर्ची परत पाठवली आणि गेटसमोर ताठ बसलो. वेळ झाली तरी दार बंद. आजूबाजूची माणसं एकेक करून उठून गेली. मला वाटलं, चहाला गेली असतील. गेट बदलल्याचं भोंग्यातून साऱ्या विमानतळाला कळलं होतं, ज्याची सोय केली होती तो सोडून.

पण आम्ही गिरणीवाले. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, धडधडीत कान गेले खरे, पण ओठ वाचायला तिथेच शिकलो. पार पलीकडच्या साच्यावरचा गडी तोंडातल्या तोंडात शिवी द्यायचा, ती मला अक्षर न् अक्षर पोचायची. उठून बघतो तर चार दारं सोडून दोन पोरी बोलत होत्या. ओठ स्वच्छ दिसले: "वो बहरा अंकल नहीं आया. बॅग उतार दो."

बारसं बुडालंच होतं. मी धावत सुटलो. "आला, आला!"

दोघी दचकल्या. एक म्हणाली, "अंकल, आपको सुनाई दिया?"

"तुमचं तेवढं ऐकू येतं मला," मी म्हटलं.

यावर तिने काय करावं? पुन्हा खुर्ची मागवायला फोन उचलला. तोवर मी विमानात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं. मुलाने नाव आत्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. आत्या पाळण्यात वाकली, नातीच्या कानात कुर्र केलं. सगळे कान टवकारून बसलेले. मी पाळण्याच्या पलीकडे उभा, नजर लेकीच्या ओठांवर. तिने मान वर करायच्या आत मी ते नाव मोठ्याने सांगून टाकलं.