सरकारी गोळी, सरकारी सुट्टी

हेमचंद्र सेलूकर यांनी कचेरीत एकतीस वर्षं नकलांचं टेबल सांभाळलं. मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडायचं आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा. वेलांटी चुकली तरी कागद परत. असा काटेकोर माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. काटेकोरपणानं स्वतःचं एवढं नुकसान करून घेणाराही नाही.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यांना एचआयव्ही असल्याचं निघालं. हे फक्त त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीवहिनींना, ठाऊक होतं, आणि शेजारी म्हणून मला. वहिनींना लागण नव्हती. सेलूकरांना कशी झाली, हे मी विचारलं नाही. उत्तर कळून औषध बदलणार नव्हतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत. रोज एक, सहा वर्षं चोख. मग एका अहवालात आलं, की रक्तात विषाणू आढळला नाही.

सेलूकरांनी त्याचा कचेरीतला अर्थ लावला: काम उरकलं. तरी गोळ्या एकदम बंद करणं बेजबाबदारपणाचं, म्हणून त्यांनी शासनाचं कॅलेंडर समोर घेतलं. शनिवार, रविवार आणि जाहीर झालेल्या सगळ्या सुट्ट्या बाद. गोळी सरकारी, तेव्हा सुट्टीही सरकारी. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एखादा दिवस सापडला, तर तो किरकोळ रजेत. उरलेल्या गोळ्या कपाटात तारीखवार लावलेल्या असत. दवाखान्यात मात्र रिकामी डबी जाई.

पुढच्या तपासणीत विषाणूंचा आकडा पन्नास हजारांवर गेला. तिथल्या समुपदेशक करुणाताई चितेगावच्या, तिशीच्या. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा कॅलेंडरची हकिगत बाहेर आली.

“काका, रविवारी विषाणू पण सुट्टीवर जातो व्हय?”

“नियमानं जायला पाहिजे.”

“तुमच्या टेबलावर नक्कल ताडून कोण बघायचं?”

“मी. दुसऱ्यावर सोपवलंच नाही.”

“या विषाणूकडं ताडणारा कारकूनच नाय. दिवसाला करोडो नकला काढतो, लई नकलांत एखादं अक्षर चुकलेलं. बहुतेक त्या चुकीनंच वाया जातात. पण एखादी चूक अशी पडते, की गोळीचा तिच्यावर इलाज चालत नाय. रोज गोळी असली की नकलाच निघत नाहीत. तुम्ही सुट्टी घेतली, औषध रक्तात अर्धंमुर्धं राहिलं. साधे विषाणू दबले, ती चूक असलेले वाचले. आता त्यांच्याच नकला निघतायत.”

सेलूकरांना आजाराचं वाईट वाटलं असेल. चेहऱ्यावर दिसला तो संताप. “म्हणजे विनाशिक्क्याचा कारभार!”

“व्हय. म्हणून तर एकाच माणसात त्याचे हजार प्रकार.”

तीन महिने न चुकता गोळ्या घेऊन पुन्हा तपासणी, असं ठरलं. आकडा उतरला तर जुनी गोळी टिकली. नाही तर ती कायमची गेली. सेलूकरांनी रविवारी गोळी घेतली, दिवाळीत घेतली. “आज भाऊबीज आहे हो,” वहिनी टोमणा मारत, “विषाणूला ओवाळू का?”

आकडा उतरला नाही. जुनी गोळी गेली. नवी औषधं सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला, घड्याळ लावून. करुणाताई एवढंच म्हणाल्या, “काका, ही पण गेली तर पुढं फार औषधं उरली नाहीत.”

त्यानंतर महिन्याभरात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे गुलमंडीवरच्या साड्यांच्या दुकानात गेले होते. फुलंब्रीच्या मेहुणी द्वारकाबाई सोबत होत्या. साड्यांचा ढीग पडला आणि आठ वाजले. एरवी सेलूकर आडोशाला गेले असते. पण गर्दीत वाट नव्हती आणि त्यांना मिनिटाचाही उशीर करायचा नव्हता. त्यांनी खिशातून डबी काढली.

“कसल्या गोळ्या भावजी? बीपीच्या?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“एचआयव्हीच्या. पाणी मिळेल का?”

दुकानदाराच्या हातातली पैठणी अर्धी उलगडलेली राहिली. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. पाणी आलं. सगळ्यांना मघाशी स्टीलच्या पेल्यातून दिलं होतं, यांना कागदी ग्लासातून.

सेलूकरांनी गोळ्या गिळल्या. ग्लास परत घ्यायला कुणी हात पुढं करीना. मीनाक्षीवहिनींनी तो घेतला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, “पदर दाखवा आता.”