अर्ज काढायची लिंक

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पांढुर्ण्याला शिकले, वेबसाइट बनवायला शिकले, आणि हे मी मान वर करून सांगते. सौंसर तालुक्यातल्या मुलींसाठी नागपुरात एक वसतिगृह आहे. त्याच्या अर्जांची साइट मी एकटीनं लिहिली.

सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीची एक पद्धत असते. 'गेट' म्हणजे नुसतं दाखव. 'पोस्ट' म्हणजे हे घे, नोंद कर. 'डिलीट' म्हणजे काढून टाक. साइटच्या कोणत्या पत्त्यावर, म्हणजे लिंकवर, कोणती पद्धत चालेल, हे साइट लिहिणारा ठरवतो. मला हे पाठ होतं. तरी अर्ज मागे घेऊन काढून टाकायचा पत्ता मी गेटवरच ठेवला. नाहीतर मधे 'नक्की काढायचा का?' विचारणारं एक पान आणि एक बटण बनवावं लागलं असतं, त्याचा कंटाळा केला. अर्ज भरला की मुलीच्या वडिलांच्या फोनवर मेसेज जायचा: 'अर्ज मिळाला. काढायचा असल्यास ही लिंक उघडा.'

लोधीखेड्याच्या एका मुलीचा अर्ज यादीतून गेला. बाप शेतमजूर. वसतिगृहानं त्याला सांगितलं, अर्ज तुमच्याकडूनच काढला गेला. पोरीलाच जायचं नव्हतं, असं गावात बोललं जाऊ लागलं. बाप तिला घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, तू शिकलेली आहेस. तूच सांग, इनं काढला का?"

"मी लिंकले हातबी नाही लावला ताई."

"मंग भुतानं काढला?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांच्याच फोनवरून लिंक उघडलेली, वेळेसकट. "काका, कम्प्युटर खोटं कायले बोलीन?"

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. "चाल," बाप तिला म्हणाला, "उद्यापासून वावरात निंदायले येजो."

आठवड्याभरात आणखी दोघींची तीच तक्रार आली, तेव्हा कुठे मी सर्व्हरची नोंद नीट वाचली. लिंक माणसानं उघडलीच नव्हती. आमच्याकडे पोरीचं काही चांगलं झालं की बाप ते आधी बुद्धविहाराच्या ग्रुपवर टाकतो. या तिघांनीही तो मेसेज लिंकसकट टाकला होता. टाकताना लिंकखाली छोटा चौकोन दाखवायला अॅप ती लिंक स्वतःच उघडून पाहतं. गेटनं, नुसतं पाहायला. आणि माझ्या सर्व्हरनं तेवढ्यावर अर्ज काढून टाकला. ज्यांनी मेसेज कुणाला दाखवला नाही, त्यांचे अर्ज शाबूत होते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. जागा मात्र भरल्या होत्या.

मी लोधीखेड्याला गेले. बापाला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी ग्रुपवर टाकला म्हणून गेला?"

"नाही काका, माह्या चुकीनं गेला."

"टाकला तर मीच ना." त्याच्यापुढे बाप काही सरकेना.

मुलगी कपाशीतलं तण निंदत होती. तिलाही सांगितलं. ती उठली नाही.

"त्या दिवशी बाबासमोर माह्या बाजूनं एक शब्द बोलायचा होता ताई. जागा गेली ते गेली. आता मले सारे खोटारडी म्हणून राहिले."

"मी काय करू?"

"तुमच्या नावानं लिहा. सारे वाचतील तिथं."

मी बांधावर बसून विहाराच्या ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं. चूक माझी, मुलगी खरं बोलत होती. तिनं हात पुसून दोनदा वाचलं, फोन परत दिला आणि कपाशीच्या पुढच्या ओळीत जाऊन बसली.