खालच्या फळीवरचे ससे

माझी थोरली बहीण हाडांची डॉक्टर आणि शास्त्रज्ञ आहे आणि राग कायम तिच्या नाकावर असतो. संधिवाताने हाड पोखरलं की सांध्याजवळ पोकळी पडते. ती भरून काढणारा लेप शोधण्यात ताईने बारा वर्षं घालवली. तेवढ्या काळात माझं लग्न झालं, मुलं झाली, शाळेत जायला लागली. ताईचं आपलं 'अजून एकदा करून बघते' चालूच. मी तिला चिडवायचे, की अगं, एवढ्या वेळात तुझ्या सशांना नवे पाय फुटले असते.

त्या वर्षी मात्र चिडवायची सोय राहिली नाही. संचालकांनी बजावलं होतं, की ही शेवटची खेप. चोवीस सशांच्या गुडघ्यातलं हाड भरून आलं नाही, तर वर्षअखेर प्रयोगशाळेला टाळं. ताई जेवताना घास हातात धरून बसायची. मला तिची काळजी वाटायची आणि त्या सशांचा रागही यायचा.

तिचा एक कडक नियम होता: लेप भरलेल्या पायाला पूर्ण आराम. ससे पिंजऱ्याबाहेर काढू नयेत, अशी पाटीच तिने दारावर लावली होती.

एक्स-रे आले तेव्हा मी डबा द्यायला तिथे गेले होते. बारा सशांचं हाड सुरेख भरलेलं, बाकी बारांचं जसंच्या तसं पोकळ. लेप एकाच भांड्यातला, भरणारा हातही एकच. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. ताईने सुया तपासल्या, सगळ्यांची उलटतपासणी घेतली. शेवटी पिंजऱ्यांचे नंबर ताडून पाहिले, तर भरलेले सगळे ससे खालच्या फळीवरचे निघाले.

तिने मामांना बोलावलं. मामा म्हणजे सशांची देखभाल करणारे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि सगळी इमारत त्यांना मामाच म्हणायची. आधी त्यांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, मग मान खाली घालून कबूल केलं. या खेपेला ताई जेवायला गेली की ते सशांना जमिनीवर मोकळं सोडत. कोंडून कोंडून जीव जायचा हो त्यांचा, म्हणाले.

"मग वरचे का नाही सोडले?" ताईने विचारलं.

"स्टुलावर चढवत नाही, बाई. गुडघे धरलेत माझे."

मामांची पाचावर धारण बसली होती. मलाही वाटलं, आता त्यांची धडगत नाही. ताईने खुर्ची ओढून त्यांना बसवलं, वही उघडली आणि म्हणाली, "किती वाजता सोडायचात? किती वेळ? सगळं नीट आठवून सांगा."

लेपात खोट नव्हती, आरामातच होती, असा तिला संशय आला. पण एका खेपेवर विश्वास ठेवील तर ती ताई कसली! संचालकांशी भांडून तिने तीन महिने मिळवले आणि नवे ससे घेतले. या वेळी उलटं केलं. वरचे सोडायचे, खालचे कोंडायचे. वरचे बारा ससे ती रोज स्वतः स्टुलावर चढून उतरवायची. मामांना हे मुळीच पटलं नाही. ते खालच्यांना गाजर जरा जास्तच घालत.

वरचे बाराच्या बारा भरून आले, खालचे पोकळच राहिले.

समितीपुढे ती बोलली तेव्हा मी मागच्या रांगेत होते. संचालकांनी विचारलं, "म्हणजे बारा वर्षं तुमचाच नियम आड येत होता?"

"हो," ताई म्हणाली. "हाडावर भार पडायला हवा होता. मी तो पडू दिला नाही."

चूक इतक्या आनंदाने कबूल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. प्रयोगशाळा वाचली. शोधनिबंधावर मामांचं नाव तिसरं आहे. ते काढायला सांगणाऱ्यांना ताईने काय ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही.

पुढे पाच वर्षांनी लेप माणसांपर्यंत पोचला. पहिली रुग्ण एक बस कंडक्टर, दोन वर्षं कुबड्यांवर. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी ताईने तिला उभं केलं. बाईने तोंडाला येईल ते ऐकवलं आणि अकरा पावलं टाकली. सहा महिन्यांनी ती कुबड्यांशिवाय आली. तिच्या एक्स-रेत पोकळी शोधूनही सापडेना. ताई, माझी कधी न रडणारी ताई, टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

कंडक्टर बाईंनी कामावर रुजू व्हायचा फॉर्म पुढे सरकवला. म्हणाल्या, "डॉक्टर, रडा तुम्ही सावकाश. पण आधी इथे सही करा. सोमवारी माझी ड्यूटी लागलीय."