मामाजींच्या पिस्तुलाला कोणतं तेल

आमच्या सासरी पिस्तूल आहे, हे लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी सांगितलं, तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली, "मग भाजीत मीठ पाहून टाकत जाय वो बाई."

मिठावरून काही व्हायचं नव्हतं. ते पिस्तूल माझ्या सासऱ्यांचं. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. केशोरीकडच्या जंगलातल्या रस्त्यानं भागीदारीतल्या राईस मिलवर ये-जा करताना सोबत असावं म्हणून त्यांनी रीतसर लायसन काढून ते घेतलं होतं. धोतरावर चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला पिस्तूल, असे ते निघायचे. गावात त्यांना पिस्तूलवाले पाटील म्हणत. इतक्या वर्षांत त्या पिस्तुलानं कोणाचा केस वाकडा केला नाही. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं एकदा त्याच्या वजनानं पट्टा खाली सरकला आणि पट्ट्यासोबत धोतरही निघालं. तेव्हाही मामाजींनी आधी पिस्तूल सावरलं, मग धोतर.

घरात त्याचा एकच नियम होता. "लायसन माह्या नावाचं हाय. दुसऱ्याचा हात लागला का केस होते." त्यामुळे आमच्या घरातल्या कोणीच त्याला कधी हात लावला नव्हता. गोळ्या तिजोरीत, पिस्तूल त्यांच्या उशाशी. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, "माह्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त तोंड करून झोपते हा मानूस." मी पडले सून. आमच्या घरात सून सासऱ्याच्या हातात वस्तूसुद्धा देत नाही. चहाचा कप मी पाटावर ठेवायची आणि डोक्यावरचा पदर सावरत बाजूला व्हायची, मग ते तो उचलायचे.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, एका हिवाळ्यातली. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि ठाण्यातून निरोप आला. निवडणूक आली की लायसनवाल्यांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. नुसतं नेऊन ठेवलं असं नाही. हवालदारासमोर पिस्तुलाचं वरचं झाकण मागं ओढून, आत गोळी नाही हे दाखवावं लागतं. पुस्तकात त्याला स्लाइड म्हणत असतील, आमच्या घरात झाकणच म्हणत.

मामाजींनी निरोप ऐकला, ओसरीवर बसून पिस्तूल काढलं आणि झाकण ओढलं. झाकण हललं नाही. पुन्हा ओढलं, चेहरा लाल झाला, तरी हललं नाही.

"तेल आटलं याचं," मामाजी म्हणाले. तिथून आमच्या घराला साडेसाती लागली.

मामाजींचं मत टोरीच्या तेलाचं. मोहाच्या फळातल्या बिया म्हणजे टोरी. त्यांच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला तेच तेल लावत, म्हणून यालाही तेच. माझ्या नवऱ्यानं पिस्तुलासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शोधून काढलं. ते शाळेत मास्तर, त्यामुळे कोणतीही गोष्ट ते फळ्यासमोर उभं राहिल्यासारखीच सांगतात. "पहिले जुना चिकटा धुवून काढायचा, त्याचं द्रावण वेगळं. मग पुसून कोरडं करायचं. मग वंगण, तेही थोडंसं. धुणारं वेगळं आणि वंगण वेगळं, समजलं का?"

"तू पोरायले शिकव," म्हणाले काकाजी. काकाजी म्हणजे मामाजींचे धाकटे भाऊ, घरचा ट्रॅक्टर त्यांच्या ताब्यात. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे दोनच औषधं, डिझेल आणि ग्रीस. "डिझेलनं धू, ग्रीस ठास, पाह्य मंग कसं चालते त बुलेटवानी!"

गंमत अशी की हात कोणीच लावायचा नाही. मधे चटईवर मामाजी, समोर वर्तमानपत्रावर पिस्तूल, आणि आजूबाजूला दोघं उकिडवे बसून सल्ले देणार. "डाव्या बाजूनं टाका." "खालून पुसा." "अरे बापा, थेंब म्हनलं होतं, लोटा नाई!" गावातलं कोणी आलं की टोपलीखाली पिस्तूल झाकायचं. एकदा त्या टोपलीत कोंबडी आहे समजून शेजारीण भाव विचारून गेली.

टोरीचं तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजतं. हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक, पण मामाजींना कोण सांगणार? सकाळी पाहतो तर पिस्तुलावर पांढरी साय. ते उन्हात ठेवलं, मामाजी शेजारी काठी घेऊन राखणीला बसले. साय वितळली, झाकण ओढलं, हललं नाही.

मग आमचे मास्तर गोंदियाला गेले. नक्षल्यांमुळे आमच्या भागात कोण काय विचारतो यावर पोलिसांचे कान असत, म्हणून दुकानात पिस्तूल हा शब्द काढायची यांना हिंमत होईना. दुकानदारानं विचारलं, "किस चीज के लिए चाहिए?" हे म्हणाले, "मशीन के लिए." "कौनसी मशीन?" "छोटी. घर की." "कहाँ लगाते हैं उसको?" आमच्या यांनी घाबरून कंबरेला हात लावला. दुकानदारानं एकदा यांच्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "भाईसाब, बगल में मेडिकल है, उधर पूछिए."

शेवटी हे पेंटरकडून थिनर घेऊन आले. थिनरनं चिकटा गेला हे खरं, पण मुठीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही मऊ झाल्या आणि खालचं वर्तमानपत्र त्यांना चिकटलं. कागद सोडवला तर पट्टीवर धानाचे भाव उलट्या अक्षरांत उमटलेले. काकाजी आरसा घेऊन आले आणि वाचत बसले. म्हणाले, "जुना पेपर हाय रे, आता वाढला भाव." आणि झाकण? जागचं हललं नाही.

मग ग्रीस झालं. काकाजींनी बोटानं लावायला दिलेलं ग्रीस मामाजींनी एवढं भरलं की नळीच्या तोंडातून काळी शेवई निघाली.

आता माझं ऐका. मी घरी ब्लाऊज शिवायची. लग्नसराई तोंडावर, अर्ध्या गावाचे खण माझ्याकडे पडलेले. आणि माझ्या शिलाई मशीनचं तेल या तिघांनी एकदा नेलं, दोनदा नेलं. माझी मशीन कुईकुई करायला लागली तरी मी गप्प राहिले. तिसऱ्यांदा काकाजी शेवटची बाटली घेऊन निघाले तेव्हा माझं डोकंच सटकलं. ओसरीवर गेले तर मामाजी झाकण ओढताहेत, आमचे हे पुस्तक वाचताहेत आणि काकाजी माझं तेल धारेनं ओतताहेत.

"बस झालं आता!" मी ओरडले. "बाया माह्या नावानं बोंबलून राहिल्या, आन् तुमी तिघं इथं खेळून राहिले! आना इकडे!"

आणि घेतलं. सासऱ्यांच्या हातातून, पदर पडलेला असताना, हिसकावून घेतलं. त्याचं तोंड भिंतीकडे केलं, एका हातात मूठ, दुसऱ्या हातानं झाकण, आणि ओढलं.

खट्.

झाकण इतकं सहज मागं आलं की मीच दचकले. विहिरीचं पाणी ओढणारे, चादरी पिळणारे हात माझे. त्यातला निम्मा जोरही लागला नव्हता.

"लागलं! ग्रीस लागलं!" काकाजींनी मांडीवर थाप मारली. "ग्रीस कायचं? थिनरनं मोकळं झालं ते," हे म्हणाले. "आतपर्यंत गेलं ना शेवटी!" "पन नेलं कोनं? ग्रीसनं!" दोघांची अशी जुंपली की मी पिस्तुलाला हात लावला, केस होते, पदर पडला, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मामाजींचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. किती दिवस झाले, तंबाखूच्या डबीचं टोपण ते काकाजींकडून उघडून घेत होते. बंडीची वरची गुंडी उघडीच राहत होती. कप पाटावरून उचलताना बशीत चहा सांडत होता आणि मी मनात म्हणायची, घाई लागली असते यांना. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण जिभेपर्यंत आली होती. ती मी तशीच गिळली, आणि मला स्वतःचाच राग आला.

मी पिस्तूल पाटावर ठेवलं. "तुमी पहिलेच बरोबर म्हनलं होतं, मामाजी," मी म्हणाले. "तेलानंच अडलं होतं."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "तेलानंच." त्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं आणि उठून गेले.

अर्जुनीच्या ठाण्यात जायच्या दिवशी सकाळी मामाजींचं पोट दुखायला लागलं. चहा नको, जेवण नको, उद्या जाऊ म्हणाले. जमा करायचा तो शेवटचा दिवस होता. मी दारात चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"तेल गेलं नव्हतं वो," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "हात गेले माहे. तिथं सारे बंदूकवाले येतीन. हवालदार म्हनन, खोलून दाखवा. मी ओढत राहीन आन् सारे पाहात राहतीन. कचरा होईन माहा."

मला रडू आलं. पण माझं रडू रागासारखं निघतं, त्याला मी काय करू? "मंग मी येतो संगं," मी म्हणाले. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, येतो, जातो. "मले अर्जुनीवरून लेस आनाची हाय. चला, उठा."

मागच्या कॅरिअरला पिशवी बांधून यांनी आम्हाला मोटारसायकलवर बसवलं, मामाजींना, मला आणि मामाजींच्या पट्ट्याला खोचलेल्या फडक्यातल्या पिस्तुलाला. वाटेत उतरताना-चढताना मामाजींचा पट्टा दोनदा खाली आला. दोन्ही वेळा त्यांनी आधी धोतर धरलं.

ठाण्याच्या आवारात दहाबारा जण बंदुका घेऊन उभे होते. सगळ्या लांब नळीच्या, रानडुकरांना धानातून हाकलायच्या. पिस्तूल एकट्या मामाजींचंच. त्यांचा नंबर आला तशी मंडळी पाहायला जवळ सरकली. हवालदार तरुण होता. "हां पाटील, खोलून दाखवा."

मामाजींनी फडकं सोडलं. मूठ हातात धरली, दुसरा हात झाकणावर ठेवला. मी दारातून पाहत होते. मी म्हटलं, देवा, एवढी एक वेळ ओढलं जाऊ दे, मग त्या मेल्या पिस्तुलाला पाहिजे ते तेल पाज.

मामाजींनी ओढलंच नाही. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि हवालदाराकडे सरकवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तूच खोल बापा. माह्या हातात आता तेवढा जोर नाई राहिला."

कोणी हसलं नाही. हवालदारानं पिस्तूल उचललं, दोन बोटांनी झाकण ओढलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अरे! एकदम मख्खन! कौनसा तेल डालते हो पाटील?"

मग काय विचारता! सगळे बंदूकवाले मामाजींभोवती गोळा झाले. एकाची नळी गंजलेली, एकाचा घोडा अडकतो, एकानं तर जवसाचं तेल घातलेलं. मामाजी बाकावर बसले आणि एकेकाला सांगू लागले. धुणारं वेगळं, वंगण वेगळं. थिनर प्लॅस्टिकले लावू नका. टोरीचं थंडीत थिजते. "आन् शेवटचा थेंब शिलाई मशीनच्या तेलाचा. ते आमच्या सुनेचं. पन मांगून घ्याव लागते, नाईतर ओरडते." हवालदारानं मुठीवरचे धानाचे भाव पाहिले. काही विचारावं असं त्याला वाटलं असणार, पण त्यानं विचारलं नाही.

निघताना मामाजी हवालदाराला म्हणाले, "इलेक्शन झाल्यावर कोनी न्यायले नाई आलं, तर काय होते?" तो म्हणाला, अर्ज द्या, लायसन सोडून द्या. मामाजींनी मान हलवली. पुढं त्यांनी खरंच तसं केलं. जेवणात मीठ जास्त झालं तरी आता आमच्या घरात कोणाला काही भीती राहिली नाही.

घरी आल्यावर पाहिलं तर ओसरीच्या कोनाड्यात बाटल्या तशाच होत्या, थिनर, डिझेल, ग्रीसचा डबा आणि थिजलेलं टोरीचं तेल. मी ते तेल चुलीजवळ ठेवून पातळ केलं. माझी आई सांधे धरले की तेच चोळायची. वाटी नेहमीसारखी मामाजींसमोर पाटावर ठेवली, पदर सावरला आणि बाजूला झाले.

मामाजी वाटीकडे पाहत राहिले. बुडवायला बोटं पुढं केली तर ती वाटीच्या काठाला लागून थरथरली आणि तेल पाटावर सांडलं. अंगणातून काकाजी ओरडले, "ग्रीस लावा म्हनतो ना मी, ग्रीस!"

मामाजींनी दोन्ही हात माझ्यापुढं केले.

"धर वो," ते म्हणाले. "याले लायसन नाई लागत."