तिच्या पायांसाठी तेल

एका नर्तकीच्या पायांना वात झालाय असं मी एकदा ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती.

कसबा बावड्यात आम्ही दोघी एकाच गोठ्यावर दुधाला जायचो. म्हशीची धार निघेपर्यंत बाकीच्या बायका गप्पा हाणायच्या. ही मात्र उभ्या जागी पाय हलवत राहायची. कधी टाच, कधी चवडा. हातातली किटलीसुद्धा त्याच तालात डुलायची. मला तिची दया आली. वाताच्या तेलाची बाटली तिच्या हातात ठेवून मी म्हणाले, "रोज चोळा, थरथर थांबंल." तिनं ती हसून घेतली. आपण नाचतो हे मात्र सांगितलं नाही.

पुढं माझ्या नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. ही पहिल्या रांगेत. गावात नाच कुणाचाही असो, ती चुकवायची नाही. नातीची लावणी रंगात आली आणि गाणंच बंद पडलं. पोर जागीच थिजली. मी आपली खुर्चीतून ओरडतेय, "अगं, नाच की!" ही उठली, चपला काढल्या आणि फरशीवर पायानं ठेका धरला. तीच गोठ्यावरची टाच, तोच चवडा. नातीनं त्या पायांकडं बघत सगळा नाच पुरा केला. टाळ्या थांबेनात.

मी तोंड लपवत तिच्याजवळ गेले. चपला पायात सरकवत ती म्हणाली, "आक्का, तुमच्या तेलानं काय गुण आला न्हाय बघा. उलट आता तुमच्या नातीलाबी लागण झाली की!"